काकूंची हिरवी गाडी

खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता डोक्यातून गेलं. पण वर्ध्याच्या नेमणुकीतली एक जुनी अँबॅसिडर गाडी काही केल्या विसरता येत नाही. त्या गाडीनं कोणाचा जीव घेतला नव्हता की तिच्यात दारू सापडली नव्हती. ती मुळात कोणत्या रंगाची होती, एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नानं मला जेवढं दमवलं तेवढं मोठमोठ्या गुन्हेगारांनी दमवलं नाही.

नोकरीची शेवटची नेमणूक होती ती. मी सांगलीकडचा, पण अर्धी नोकरी विदर्भात गेली होती. निवृत्ती जवळ आलेल्या अधिकाऱ्याचं पोलीस ठाण्यात जे होतं तेच माझं होत होतं. सकाळी हजेरी घ्यायची, रात्रीच्या अंमलदाराची डायरी वाचायची, मोबाईल हरवल्याचे अर्ज बघायचे आणि वर्ध्याला कोणी ना कोणी मोठा माणूस येणार असतोच, त्याच्या बंदोबस्ताला माणसं पुरवायची. गुडघे दुखत होते. नवीन काही घडू नये, एवढीच इच्छा होती.

अशाच एका दुपारी वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेच्या काकू ठाण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर. सासरे कापसाचे व्यापारी होते, नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, म्हणून मीही इथं तेच म्हणतो. ठाणे अंमलदारानं खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"साहेब, माही गाडी चोरीले गेली," त्या म्हणाल्या. "घरामागं शेड हाय, तिथं उभी होती. मी बहिणीकडं हिंगणघाटले गेलती. आली तं शेड खाली."

हवालदारानं लिहायला घेतलं. बंद पडलेली जुनी अँबॅसिडर, सासऱ्यांच्या नावावर, कागदपत्रं पुतण्यानं कधीतरी नेलेली. रंग विचारला तेव्हा काकू म्हणाल्या, "हिरवा. अंदरून गाद्या मरून."

हवालदार त्याच भागातला. तो हसला. "काकू, तुमची गाडी तं पांढरी होती. म्या सोता पाह्यली हाय लहानपणी."

"वरून पांढरी. तिचा असली रंग हिरवा. म्या सांगून राह्यली ते लिही नं बाबू."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाई सांगतात ते लिही, फिर्याद त्यांची आहे. त्यानं लिहिलं, पण पेन टेकवताना त्याचा चेहराच काय ते सांगत होता.

संध्याकाळी पुतण्याला बोलावलं. काकूंच्या दिराचा मुलगा, वय पंचेचाळिशीचं, आई लवकर गेल्यामुळे काकूंनीच वाढवलेला. शेजारीच त्याचं घर. इस्त्रीचा शर्ट, तोंडात अदब. माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला.

"साहेब, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. ती गाडी काकांनीच हयातीत भंगारात दिली. कापून नेली लोकांनी. काकूंच्या लक्षात राहत नाही हल्ली. तुम्हीच विचारा, आमची गाडी कधी हिरवी होती का? जन्मापासून बघतोय, पांढरीच. त्यांना भ्रम होतो. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवणार आहे मी."

गल्लीत चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं. गाडी पांढरी होती आणि शेड कैक वर्षं बंदच होतं, आत काय आहे कोणी पाहिलं नाही. शेडचं दार मागच्या शेताकडे उघडणारं, त्यामुळे कोणी काही नेलं असतं तरी दिसलं नसतं. एक बाई हळूच म्हणाली, "काकू चांगली हाय, पण आता डोस्कं फिरलं वाटते तिचं." ही बातमी पुतण्यानं आधीच घरोघरी पोचवली होती, हे मला कळत होतं. पण कळणं निराळं आणि पुरावा निराळा.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. या वेळी बसल्या. म्हणाल्या, "साहेब, गाडीचं मले काही नाई. सडून राह्यली होती. पण आज तो म्हणते का गाडी नव्हतीच, काकूले भरम झाला. उद्या म्हणेन, घर बी काकूनं मले देऊन टाकलं, तिले याद नाई. मंग मी कोणाले सांगू? मले येडी ठरवून राह्यला तो."

नोकरीत मी माणसांना बरंच काही गमावताना पाहिलं होतं. पण आपल्याच शब्दाची किंमत आपल्याच गल्लीत गेलेली बाई समोर बसली की चहासुद्धा कडू लागतो.

मी खबऱ्यांना कामाला लावलं. हायवेवर कारंजा घाडगेला एक पंक्चरवाला होता, ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकणं हा त्याचा खरा धंदा. पोळ्याच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. "साहेब, इथं ढाब्याच्या मागं मिस्त्रीकडं एक जुनी गाडी आली हाय. पांढरी. मिस्त्री तिले ताडपत्रीखाली काऊन झाकून ठेवते, ते पाहा."

कारंजा दुसऱ्या ठाण्याची हद्द. त्या ठाण्याला कळवलं, त्यांचा एक अंमलदार सोबत घेतला आणि गेलो. ताडपत्री काढली. पांढरी अँबॅसिडर. नंबरप्लेट नाही, इंजिन काढून ठेवलेलं, चेसिस नंबराच्या जागी ताजी घासलेली खूण. मिस्त्री डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारा, जाडजूड, बोलण्यात तयार. म्हणाला, अमरावतीकडच्या कोणा माणसानं ट्रकवर घालून आणली, नाव माहीत नाही. मी विचारलं, ट्रक कुठला? आठवत नाही. पैसे कसे दिले? हातात. ज्याला दहा वर्षांपूर्वी आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आठवतो त्याला गेल्या महिन्याचा माणूस आठवत नव्हता.

तिथंच नागपूरचे एक गृहस्थ भेटले. बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या गाड्यांचे वेडे. मिस्त्रीकडून गाडी त्यांनीच घेतली होती, सगळा सरळ व्यवहार समजून. पोलीस पाहून त्यांनी आधी स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. पण गाडीचा विषय निघताच ते परत खिशात ठेवायचंही विसरले.

"मला ती मूळ रंगातच करायची आहे साहेब," ते म्हणाले. "कंपनीतून जशी निघाली तशी. आत-बाहेर दोन्ही. म्हणून आधी रंग शोधतोय."

त्यांनी दाखवलं. पुढच्या मडगार्डवर त्यांनी बारीक वाळूकागद पाण्यात बुडवून गोल गोल घासलं होतं. मध्यभागी पत्रा उघडा पडला होता आणि त्याच्याभोवती एकेका थराचं कडं दिसत होतं. बाहेर पांढरा, मग राखाडी प्रायमर, मग फिका निळा, मग तांबडा प्रायमर.

"निळी होती ही," ते आनंदानं म्हणाले. माझा मात्र चेहरा उतरला.

पुतण्याला ठाण्यात बोलावून फोटो दाखवला. तो खूश झाला आणि खुशीत वऱ्हाडीवर आला. "पाहा साहेब! निळी निघाली. काकू म्हणते हिरवी. आमची गाडी पांढरी. म्हणजे ही गाडी आमची नाईच नं!"

कागदावर त्याचंच खरं होतं. आरटीओत जुन्या नंबरांचं काही हाती लागलं नाही. शेडमध्ये तेलाचे डाग होते, पण तेलाला तारीख नसते. वरिष्ठांनी विचारलं, म्हातारीच्या गाडीवर किती दिवस घालवणार? फिर्याद खोटी आहे असा अहवाल, ज्याला आम्ही 'ब' समरी म्हणतो, तो टाकून मोकळं व्हा. मी मसुदा करायलाही घेतला. त्यावर सही झाली असती तर काकूंना वेडं ठरवायला पुतण्याला दुसरं काही लागलं नसतं, सरकारी कागदच मिळाला असता. मसुदा टेबलाच्या कप्प्यात पडून राहिला. बंदोबस्त आहे, नंतर बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

बंदोबस्त होता तो तान्ह्या पोळ्याचा. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तोही खऱ्या बैलांचा. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं मिरवतात, दारोदार नेतात आणि प्रत्येक घरातून खाऊ-पैसे मिळतात, त्याला बोजारा म्हणतात. जुन्या घरांत पिढीजात बैल असतात, वर्षभर माळ्यावर आणि एक दिवस रस्त्यावर. कोणाचा बैल देखणा यावरून मोठी माणसंही हिरीरीनं भांडतात.

सिंदी मेघेच्या त्या गल्लीत मी गस्तीला गेलो तर काकूंच्या अंगणातला बैल सगळ्यांत उंच. पुतण्याच्या मुलीनं दोरी धरली होती आणि पुतण्या स्वतः त्याच्या शिंगांना बेगड लावत होता. घरात कितीही बिनसलेलं असलं तरी त्या दिवशी बैल काकूंच्या दारातूनच निघायचा, ही त्या घरची रीत होती. मला पाहून पुतण्या पुढे आला, चिवड्याची ताटली हातात दिली. मी सहज म्हटलं, तपासाचा विचारही मनात नव्हता, "बैल मोठा देखणा आहे हो तुमचा."

त्याची छाती फुगली. "घरचा आहे साहेब. माझ्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला आजोबांनी बनवून घेतला. गल्लीत असा दुसरा नाही. रंग पाहा, अजून उडाला नाही. गाडीचा उरलेला रंग होता डब्यात, तोच लावला. आणि पाठीवरची ही झूल तर गाडीच्या जुन्या गाद्यांची. गाद्या बदलल्या तेव्हा..."

तो तिथं थांबला.

बैल हिरवा होता. काळपट, शेवाळी हिरवा. झूल रेक्झिनची, विटलेल्या मरून रंगाची.

मी चिवड्याचा घास तोंडात तसाच धरून उभा होतो. काकू दारात होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. पोरीनं दोरी ओढली आणि बैल खडखडत पुढे गेला. पुतण्या उगाचच म्हणाला, "चिवडा घ्या नं साहेब अजून."

सणाच्या दिवशी मी काही केलं नाही. पोरांचा बैल रस्त्यातून उचलून नेण्याइतकी नोकरी माझ्या अंगात भिनली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन काकूंकडे गेलो.

"हे आधी काऊन नाही सांगितलं काकू?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात त्यांचेच शब्द यायला लागले होते.

"मले तरी कुठं सुचलं साहेब? माळ्यावर बांधून ठेवला राह्यते तो. अन् त्यो बैल हिरवा हाय हे तं साऱ्या गल्लीले माहीत हाय. गाडीचा रंग हाय, हे मीच इसरली. त्यानंच याद देली."

"आणि निळा कुठून आला?"

"मडगार्ड? पुलगावच्या रस्त्यानं टॅक्टर घासला होता तवा. ह्यांनी दुसऱ्या कोणाच्या गाडीचा आणून बसवला. निळाच होता. पुढं सारी गाडी पांढरी केली तवा तो बी पांढरा झाला." मग जरा रागानं म्हणाल्या, "निळा निघाला म्हणून तुमी मले खोटी समजून राह्यले होते. पन इचारलं तं नाई."

ते खरं होतं. आम्ही पुतण्याला विचारलं, गल्लीला विचारलं, आरटीओला विचारलं. ज्यांची गाडी होती त्यांना मडगार्डाबद्दल कोणी विचारलं नाही.

झुलीच्या कडेची शिवण काकूंनी स्वतः कात्रीच्या टोकानं उसवली. बाहेरचं रेक्झिन जुनं होऊन तपकिरी पडलं होतं, पण दुमडलेल्या आतल्या भागात मरून रंग जसाच्या तसा होता. त्याचा तुकडा, बैलाच्या पोटाखालून खरवडलेला रंग आणि खुद्द बैल, असा पंचनामा झाला. वीस प्रकारची हत्यारं मुद्देमालात लिहिली असतील, पण "चाकं असलेला लाकडी बैल, नग एक" लिहिताना हवालदारानं मान वर केली नाही. तो बहुधा पहिल्या दिवशीचं हसणं आठवत असावा.

मग कारंजाला. नागपूरच्या गृहस्थांनाही बोलावलं. मी त्यांना म्हटलं, मडगार्ड सोडा, ब्रश जिथं पोचत नाही तिथं पाहू. डॅशबोर्डखाली आडवं पडून त्यांनी टॉर्च मारली. दाराच्या आतली पुठ्ठ्याची पाटी काढली. डिकीतलं रबर उचललं. घासायचीही गरज पडली नाही. रंगवणाऱ्यांनी त्या काळी दिसेल तेवढंच पांढरं केलं होतं. बाकी सगळीकडे हिरवा होता, बैलासारखाच. सीटचा सांगाडा उलटा केला तर जुन्या बारीक खिळ्यांखाली मरून रेक्झिनच्या चिंध्या अडकलेल्या. वरचा दाणेदार पोत तोच, झुलीचा.

ते गृहस्थ जमिनीवर बसले. "साहेब," ते म्हणाले, "मी हिला निळी करून टाकणार होतो." गाडी जप्त होणार हे कळूनही त्यांना पहिलं दुःख त्याचं झालं.

मिस्त्रीला मग फार विचारावं लागलं नाही. त्याचा अमरावतीचा माणूस आता सिंदी मेघेत राहायला आला, काकूंच्या शेजारी.

पुतण्याला चौकशीला बसवलं. दोन तास तो तेच सांगत राहिला, गाडी काकांनीच भंगारात दिली. मी आरडाओरडा करत नसे, शेवटच्या वर्षांत तर अजिबात नाही. माणसाला खोटं बोलायला जोर लागतो आणि जोर संपेपर्यंत आपण बसून राहायचं, एवढंच तंत्र मला उरलं होतं. शेवटी मी बैल टेबलावर ठेवायला लावला आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही याची गोष्ट सांगत होतात. अर्धी राहिली."

तो बैलाकडे बघत राहिला. एका शिंगाची बेगड सुटली होती, ती त्यानं बोटानं नीट बसवली. मग वऱ्हाडीत, हळू आवाजात म्हणाला, "गाडी सडून राह्यली होती साहेब. तिले काय काम होतं? इचारलं असतं तं नाई म्हणाली असती. मंग काका इकून गेले म्हणलं. मंग ते खरं कराले तिले भरम झाला म्हणलं. मंग लोक बी तसंच म्हणाले लागले, अन् मले परत फिरता नाई आलं."

मोठा डाव वगैरे काही नव्हता. घराबद्दल विचारलं तेव्हा तो पुन्हा बेगड दाबत बसला. ते त्याच्या मनात आलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं.

रंगाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, अहवाल यायला लागायचा तेवढा वेळ लागला आणि जुळला. तोवर काकू माझ्याकडे आल्या होत्या. "त्याले जेलात नोका टाकू. त्याले म्या वाढवलं हाय. फक्त त्यानं गल्लीत उभं राहून एक डाव सांगावं, काकू खरी बोलून राह्यली होती." मी म्हटलं, असा हुकूम मला काढता येत नाही. कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. पुतण्यानं कोर्टात माफी लिहून दिली. गल्लीत मात्र तो काही बोलला नाही. त्यानं बाहेर येणंच कमी केलं.

गाडी काकूंना परत मिळाली. त्यांनी ती नागपूरच्या त्याच गृहस्थांना रीतसर विकली. अट एकच, काम पुरं झालं की एकदा दारात आणून दाखवायची.

बैल मात्र मुद्देमालाच्या खोलीतच होता. कोर्टाचा आदेश निघाला, काकूंना सुपुर्दनाम्यावर तो परत दिला, तेव्हा उंदरांनी झुलीचा कोपरा खाल्लेला होता. काकूंनी तो कोपरा पाहिला आणि आत दुमडून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत मी निवृत्त झालो होतो. काकूंचा निरोप आला, या. गेलो. गल्लीत सगळी दारं उघडी, पोरं बैल घेऊन हिंडत होती. थोड्या वेळानं गृहस्थांनी गाडी आणली. हिरवी, आत मरून गाद्या. काकूंनी बैल गाडीशेजारी नेऊन लावला, मागे सरकून दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा भडक झाला. पन हाच." गृहस्थांनी लगेच कबूल केलं की नवा रंग थोडा उजळ पडला आहे.

लोक जमले. ज्या बाईनं मला काकूंचं डोकं फिरल्याचं सांगितलं होतं तीही बोनेटवर हात फिरवत होती. म्हणाली, "हो, मले आठवते नं, हिरवीच होती." तिला तेव्हाही आठवत नव्हतं आणि आताही नव्हतं. सगळी गल्ली एकच सांगते तेव्हा बहुतेकांनी ते एकाच तोंडून ऐकलेलं असतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मला फार पूर्वी कळायला हवं होतं, पण नीट कळलं ते या प्रकरणात, आणि कळून उपयोग करायला नोकरी उरली नव्हती.

काकू माझ्याजवळ आल्या. "साहेब, तुमी सांगा आता."

"काय सांगू?"

"तेच. तो तं नाई सांगत. तुमी सांगा. मोठ्यानं."

अंगावर वर्दी नव्हती. गुडघे दुखत होते. तरी मी गल्लीच्या मध्यभागी गेलो आणि ठाण्यात हजेरी घ्यायचो त्या आवाजात सांगितलं, काकूंची गाडी हिरवी होती, ती चोरीला गेली होती, काकू पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या.

पोरं थबकली, मग पुन्हा बैल ओढायला लागली. काकूंनी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेजारच्या घराकडे बघत होत्या. सगळ्या गल्लीत तेवढं एकच दार बंद होतं.